सुखी तालुके

"घर घेणाऱ्यांचं मुद्रांक शुल्क निम्म्यावर आणलं, तर तिजोरीत खड्डा केवढा पडेल? आणि तो भरायचा कुठून?"

अर्थमंत्री जयवंतराव घोडके यांनी हा प्रश्न विचारला आणि मीनल टिपणीस उत्तर द्यायला किंचित पुढे सरकली. सवयच होती ती. वित्त विभागात तिची हयात गेली होती. अर्थसंकल्पाच्या दिवसांत मंत्री कोणीही असो, असा प्रश्न आला की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. या खेपेला मात्र जयवंतरावांची मान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वळली होती. तिथे मीनलची धाकटी बहीण केतकी बसली होती.

"खड्डा पडेल, सर. पण भरून निघेल," केतकी म्हणाली. "आणखी चाळीस तालुक्यांतल्या विरळ सेवा बंद करून मोठ्या गावात एकत्र आणल्या तर. म्हणजे जिथे बसला प्रवासी कमी, दवाखान्यात बाळंतपणं कमी, वसतिगृहात मुली कमी, अशा ठिकाणच्या."

"तिथले लोक बोंब मारतील त्याचं काय?"

"नाही मारणार. प्रतिबिंब तसं सांगतंय."

जयवंतराव समाधानानं मागे टेकले. मीनलनं समोरचा पेला उगाचच उचलला आणि पाणी प्यायली.

'प्रतिबिंब' हे केतकीचं यंत्र. यंत्र म्हणजे खरं तर पुण्यातल्या एका संगणक केंद्रात वसवलेलं अख्खं राज्य. राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाची एक सावली तिथे नांदत होती. विजेचा वापर, रेशन, बसचं कार्ड, दवाखान्याच्या नोंदी, नावं पुसून टाकलेली अशी सगळी माहिती त्या सावल्यांना सतत मिळत असे आणि खरं कुटुंब जसं वागेल तशीच ती सावली वागे. पेट्रोलवर कर वाढवला की सावलीतला बाप स्कूटर घरी ठेवून बसनं जाई. शाळेतलं जेवण बंद केलं की सावलीतली मुलगी शाळा सोडी. पूर्वी अर्थसंकल्प मांडायचा आणि मग वर्षभर काय होतंय ते बघत बसायचं, असा कारभार होता. आता तोच अर्थसंकल्प सावल्यांच्या राज्यात आधी हजारदा मांडून बघता येत होता.

आणि बघण्यासारखं होतंही. सरकारच्या हातात पैसा पुष्कळ येतो असं लोकांना वाटतं. पण त्यातला बहुतेक पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाचं व्याज यांत जातो. त्याला कोणी हात लावू शकत नाही. उरते ती एक पातळ चकती. कर कमी करायचा तर त्याच चकतीतून कोणाचा तरी घास काढावा लागतो. मीनल आयुष्यभर हेच सांगत आली होती, की एकाला सवलत म्हणजे दुसऱ्याला कपात. केतकीच्या यंत्रानं तीन अर्थसंकल्पांत ते खोटं ठरवलं होतं. ज्यांचा कर कमी झाला ते तर खूश होतेच; पण ज्या तालुक्यांतल्या सेवा बंद झाल्या तिथलाही समाधानाचा निर्देशांक चढत होता. त्यांना विभागात 'सुखी तालुके' म्हणत.

बैठक संपल्यावर केतकी मीनलच्या मागे धावत आली.

"ताई, थांब ना. आई कशी आहे?"

"बरी आहे. तुझी मुलाखत दोनदा बघते. एकदा सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी."

"आणि तू?"

"मला काम असतं," मीनल म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

केतकीला गणित मीनलनंच शिकवलं होतं. नऊ वर्षांचं अंतर, आई नोकरीला, दुपारी दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पाटी घेऊन बसत. मीनल बीएस्सीला असताना तिचं एक अडलेलं गणित शेजारी बसलेल्या केतकीनं सहज सोडवलं होतं. मीनलनं तिला शाबासकी दिली, सगळ्या चाळीत ते सांगत हिंडली, आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडली. तेव्हापासून आत काहीतरी धुमसत होतं. केतकीला शिष्यवृत्ती मिळाली, केतकी परदेशात गेली, केतकी परत आली. प्रत्येक वेळी मीनलनंच पेढे आणले होते. पण पूर्वी दोघींची अंगणं तरी निराळी होती. आता केतकी तिच्या अंगणात येऊन उभी राहिली होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय गं, केतकी भेटली? वाळलीय का? टीव्हीवर गाल बसल्यासारखे दिसतात."

"मीही वाळलेय, आई."

"तू काय, डोळ्यासमोर असतेस," आई म्हणाली.

मीनल जेवली नाही. तिनं आपला संगणक उघडला आणि प्रतिबिंबाचे मागच्या तीन वर्षांचे निकाल वाचायला घेतले. कुठेतरी चूक असणार, असलीच पाहिजे, असं ती स्वतःला बजावत होती. राज्याच्या हितासाठी वगैरे आपण हे करत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दोन आठवडे ती ऑफिसातून आली की तेच करत बसायची. गणित चोख होतं. कर किती येईल याचे अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरले होते. बहिणीच्या कामातला नेटकेपणा बघून तिला आणखीच राग येई.

मग तिनं सुखी तालुक्यांची नावं वाचली आणि सर्वांत वर तिला आंबेघळ दिसलं.

आंबेघळला ती नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं होती. नाशिकपासून लांब, घाटाच्या पलीकडचा डोंगराळ तालुका. तिथल्या दवाखान्याचा प्रसूती कक्ष आणि दुपारची बस तिनंच भांडून मंजूर करून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी आधी कक्ष बंद झाला होता, मग बसही बंद झाली होती आणि समाधानाच्या निर्देशांकात आंबेघळ राज्यात पहिलं आलं होतं.

रविवारी ती गाडी करून आंबेघळला गेली. लोक चिडलेले असतील, शिव्या देतील, आपण ते सगळं ऐकून घेऊ आणि बैठकीत केतकीच्या तोंडावर फेकू, असा तिचा बेत होता. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती.

पण शिव्या द्यायला कोणी नव्हतं. बाजाराच्या रस्त्यावर निम्म्या दारांना कुलपं होती. काही कुलपं गंजली होती. पिठाची गिरणी बंद, शाळेच्या पटांगणात गवत. रस्त्याच्या कडेला दोन म्हातारे बिड्या ओढत बसले होते. तिनं विचारलं, "कसं काय चाललंय?" ते म्हणाले, "बरंय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना आता कशाचीच गरज नव्हती.

दवाखान्याच्या मागे रंजना भोये राहायची. मीनलच्या काळात ती नुकतीच नर्स म्हणून लागली होती; आता निवृत्तीला आली होती. तिनं मीनलला लगेच ओळखलं, पाट दिला, चहा टाकला.

"माणसं कुठे गेली, रंजना?"

"नाशकाला, मॅडम. कुणी वापीला, कुणी सुरतेला." ती चुलीपाशी बसून बोलत राहिली. "बाळंतपणाची खोली बंद झाली. मग बाईला सातवा महिना लागला की घरचे म्हणायचे, घाटात गाडीत बाळंत होण्यापेक्षा नाशकाला जाऊन राहू. खोली भाड्यानं घ्यायची. नवऱ्याला तिथंच काम मिळायचं. बाळ झालं की परत कोण येतंय? मोठ्या पोराला तिथंच शाळेत घातलेलं असायचं. एक घर गेलं की शेजारचं जायचं. माणसं कमी, म्हणून बस बंद. बस बंद, म्हणून आणखी माणसं कमी."

"तिथे बरी आहेत का?"

"माझी भाची आहे पुलाखाली. पत्र्याची खोली. जमीन इथं पडलीय आणि ती तिथं लोकांच्या घरी भांडी घासते. रडती फोनवर."

मीनलच्या हातातला कप तसाच राहिला. तिला सगळं एकदम उमगलं.

प्रतिबिंब समाधान मोजत होतं ते तालुक्यात नोंद असलेल्या कुटुंबांचं. कुटुंब निघून गेलं की त्याची सावली आंबेघळमधून पुसली जात होती आणि नाशिकच्या नोंदीत एक नवी सावली जन्माला येत होती. त्या नव्या सावलीला भूतकाळच नव्हता. ती जणू पुलाखालीच जन्मली होती, म्हणून पत्र्याच्या खोलीत ती दुःखीही दिसत नव्हती. आंबेघळमध्ये उरत होते ते ज्यांना बाळंतपण नको, शाळा नको, बस नको असे लोक. नाराज माणसं जात होती, मोजदाद उरलेल्यांची होत होती, आणि सरासरी चढत होती. जितकी घरं रिकामी तितका तालुका सुखी. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला गेलेलं माणूस दिसतच नव्हतं.

आणि तिला आनंद झाला. अख्ख्या ओसाड गावाच्या मधोमध, रंजनाच्या चुलीपाशी बसून, भाचीच्या रडण्याबद्दल ऐकत असताना मीनलच्या अंगावर आनंदाचा काटा आला. सापडली, केतकी, सापडलीस तू! तिनं मान खाली घातली, रंजनाला चेहरा दिसू नये म्हणून.

परतताना घाटात तिनं दोनदा फोन हातात घेतला. केतकीला आत्ताच सांगितलं तर ती आठवड्यात दुरुस्ती करेल. चाळीस तालुके वाचतील. पण मग ते केतकीनंच वाचवलेले असतील. मीनलनं फोन पर्समध्ये ठेवला आणि अर्थसंकल्पाच्या शेवटच्या बैठकीची वाट बघत बसली.

त्या बैठकीला सगळे होते. मंत्री, सचिव, विभागांचे प्रमुख. केतकीनं पडद्यावर आधीच्या सुखी तालुक्यांचा आणि नव्या चाळीस तालुक्यांचा नकाशा हिरव्या रंगात दाखवला आणि मीनल उभी राहिली.

"हे सुखी तालुके सुखी नाहीत. रिकामे आहेत," ती म्हणाली. तिथपर्यंत आवाज ठीक होता. मग तो चढला. "केतकी टिपणीस यांना परदेशातल्या गणितापलीकडे काही दिसत नाही. यांनी आंबेघळ कधी पाहिलं आहे? सावल्यांशी खेळता खेळता यांनी माणसं हाकलून लावली आणि वर त्याला समाधान म्हणतात! तीन वर्षं आपण सगळे या पोरखेळापुढे माना डोलावतोय."

केतकीचा चेहरा पांढरा पडला. मीनल गेलेल्या सावल्यांबद्दल सांगू लागली. पण तिच्या तोंडून मुद्दे कमी आणि वर्मी लागणारे शब्दच जास्त बाहेर पडत होते, आणि तिला ते थांबवता येत नव्हते.

जयवंतरावांनी हात वर केला. "मीनलताई, बसा. स्थलांतर काय आजचं आहे का? डोंगरातली माणसं शहरात जातच असतात." मग ते हसले, अगदी वडीलकीनं. "धाकटी बहीण पुढे गेली की थोडं लागतं मनाला. माझाही भाऊ आहे, मला कळतं. पण कौतुक करायला शिका."

कुणीतरी खुसखुसलं. मीनल खाली बसली. तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते तिच्याच तोंडून आल्यामुळे खोटं ठरलं होतं. तिचं मन सगळ्या विभागाला केव्हाचं दिसत होतं. दिसत नाही असं फक्त तिलाच वाटत होतं.

भाषण छापायला गेलं. घरं घेऊ पाहणाऱ्या शहरी लोकांना सवलतीची कुणकुण लागली होती. वर्तमानपत्रं आधीच आनंदानं भरली होती.

अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी दुपारी केतकी मीनलच्या खोलीत आली. तिनं दार लावून घेतलं आणि उभीच राहिली. डोळे लाल होते.

"ताई, तू बरोबर होतीस."

मीनलनं समोरची फाईल मिटली.

"मी गेलेल्या कुटुंबांच्या जुन्या आणि नव्या सावल्या जोडून बघितल्या. कुटुंब गेलं तरी त्याची आठवण त्याच्याबरोबर जाऊ दिली. सगळा हिरवा नकाशा लाल झाला. मागच्या तीनही वर्षांचा. आंबेघळ तर..." तिनं डोळे टिपले. मग ती म्हणाली, "तू आंबेघळला केव्हा गेली होतीस?"

"झाले पंधरा दिवस."

"पंधरा दिवस! मग मला आधी का नाही सांगितलंस? एक फोन, ताई."

मीनलच्या मनात चार सभ्य उत्तरं आली. पण ती फार थकली होती.

"कारण मला तुला पडलेलं बघायचं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

केतकीनं पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली आणि म्हणाली, "बरं. मी मंत्र्यांकडे चाललेय."

"आता? भाषण छापून झालंय. तुझं ऐकलं तर ते तुला उभी जाळतील. आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवलेला नाही, केतकी. तू गप्प बसलीस तर कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना," केतकी म्हणाली आणि गेली.

मीनल खिडकीशी उभी राहिली. खाली केतकी एकटी आवार ओलांडून मंत्र्यांच्या इमारतीकडे जाताना दिसत होती. तिच्या जागी आपण असतो तर गेलो असतो का? मीनलनं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं आणि तिला उत्तर आवडलं नाही. पुन्हा ती जुनी आग पोटात पेटली. पडतानासुद्धा ही माझ्या पुढेच!

लाल नकाशा खुद्द केतकीनंच पुढे ठेवल्यावर जयवंतरावांना तो नाकारता आला नाही; दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषणातली पानं बदलून वाचली. मुद्रांक शुल्काची सवलत नव्हती. चाळीस तालुक्यांतल्या सेवा आहेत तशा राहणार होत्या आणि तीन वर्षांत बंद केलेले प्रसूती कक्ष पुन्हा उघडण्यासाठी तरतूद केली होती. विरोधकांनी गोंधळ घातला, शहरांत लोक चिडले, बिल्डरांच्या संघटनेनं निषेध केला. संध्याकाळी पत्रकारांनी केतकीला घेरलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की चूक माझी आहे आणि ती माझ्या बहिणीनं शोधली. त्या वाक्यानं मीनलचं नाव राज्यभर झालं. महिन्याभरात केतकीला संगणक केंद्रातून काढलं आणि तिची जागा मीनलला दिली.

मीनल पुण्याला आली. काचेची खोली, मोठी खुर्ची, पडद्यावर सावल्यांचं राज्य. तिथली तरुण मंडळी नम्र होती. पण काही अडलं की एकमेकांत पुटपुटत, "केतकी मॅडम असत्या तर..." आणि मीनल ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. एकदा रंजनाचा फोन आला. प्रसूती कक्षाला रंग दिलाय, खाटा आल्यात, म्हणाली. "पण बाया कुठायत, मॅडम? दार उघडून बसलोय." कर एका अर्थसंकल्पात वाढतो किंवा कमी होतो, उठून गेलेलं घर तसं परत येत नाही. त्यांना परत आणायला किती खर्च करावा लागेल, बस आधी की शाळा आधी, हे प्रतिबिंबाला विचारायला हवं होतं. आणि प्रश्न कसा विचारायचा हे मीनलला येत नव्हतं. तिनं आठवडाभर खटपट केली. मग रिक्षा केली आणि केतकीच्या घरी गेली.

केतकी एका महाविद्यालयात शिकवू लागली होती. तिनं दार उघडलं तेव्हा ती घरातल्या फळ्यावर उद्याचा धडा मांडत होती, हातात खडू होता.

"ये, ताई. अभिनंदन करायचं राहूनच गेलं."

"थँक्यू," मीनल म्हणाली आणि कोचावर टेकली. समोरच्या दिवाणावर बसलेल्या बहिणीचा चेहरा तिनं बारकाईनं न्याहाळला. चेहरा शांत होता. तेच तिला सहन होईना. सगळं गमावूनही हिला काहीच कसं होत नाही?

"मुलांना शिकवायला मजा येते," केतकी म्हणाली. "खरंच. बरं झालं सुटले. तिथे डोक्याला फार ताप होता. तू छान सांभाळशील, तुला लोकांची माहिती..." ती बोलता बोलता अडखळली. खडू टेबलावर ठेवला. तो गडगडत खाली पडला, तरी तिनं उचलला नाही.

"खोटं बोलतेय मी," ती म्हणाली. "त्या दारावर तुझ्या नावाची पाटी लागली असं कळलं ना, त्या दिवशी मी वर्गात नीट बोलू शकले नाही. माझी खुर्ची. माझी माणसं. आईनं फोन करून सांगितलं, मीनलची टीव्हीवर मुलाखत आहे, बघ हं. मी टीव्ही फोडायचाच बाकी ठेवला. तुझं काहीतरी चुकावं म्हणून मी रोज पेपर उघडते, ताई. तुझी चूक शोधते." तिनं मान फिरवली. "फार वाईट आहे मी."

मीनलला हसू आलं. तोंडावर हात ठेवून दाबायला गेली तर आणखी फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हसतेस काय?" केतकी चिडून म्हणाली.

"काही नाही गं. सरक तिकडे." मीनल उठून तिच्या शेजारी बसली, अगदी खांद्याला खांदा लावून. कित्येक वर्षांत आपण अशा बसलो नव्हतो, हे तिला जाणवलं. "पोटात कसं होतं? जळतं ना? इथे, बरगडीच्या खाली?"

"हो."

"सकाळी जास्त होतं. चहा प्यायल्यावर थोडं बरं वाटतं."

केतकी नाक ओढत उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग आतूनच ती म्हणाली, "तुला तिथे काय अडलंय ते सांग आधी. नक्की काहीतरी अडलंय, त्याशिवाय तू आली नसतीस."

मीनलनं डोळे पुसले आणि सांगायला लागली.